पुस्तकांनी पाडलेला उमेदवार

१ सप्टेंबर १९३३ रोजी अप्टन सिंक्लेअर बेव्हर्ली हिल्समध्ये मतदारयादीतल्या आपल्या नावापुढचा पक्ष बदलून आला. कालपर्यंत समाजवादी होता, आजपासून डेमोक्रॅट. पंचावन्नाव्या वर्षात असलेल्या या लेखकाच्या नावावर तेव्हा चाळिसाहून अधिक पुस्तकं जमा होती, आणि कॅलिफोर्नियात समाजवादी तिकिटावर हरलेल्या चार निवडणुकाही: एक प्रतिनिधिगृहाची, एक सेनेटची, दोन गव्हर्नरपदाच्या. १९३० साली गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा अख्ख्या कॅलिफोर्नियातून त्याला पन्नास हजारांच्या आसपास मतं पडली होती. आपल्या हिशेबात अनामत जप्त.

पक्षांतराची कल्पना त्याची स्वतःची नव्हती. सांता मोनिकातल्या एका डेमोक्रॅट हॉटेलमालकाने त्यासाठी त्याच्यामागे टुमणं लावलं होतं. त्यात तथ्य होतं. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे दार उघडं टाकून मालक निघून गेलेलं घर होतं. १८९४ नंतर या पक्षाचा एकही गव्हर्नर निवडून आला नव्हता. पण मंदीने माणसं रस्त्यावर आली होती, वॉशिंग्टनमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट बसला होता, आणि डेमोक्रॅट या शब्दाला चाळीस वर्षांत प्रथमच वजन आलं होतं. समाजवादी म्हणून ज्याला कुणी विचारत नाही, तोच माणूस तेच बोलणं डेमोक्रॅट म्हणून बोलला तर? सिंक्लेअरची बायको मेरी क्रेग हिचा या भानगडीला विरोध होता. मुलगा डेव्हिड स्वतः समाजवादी. बापाचं हे वागणं त्याला मुळीच पटलं नाही. जुने सोबतीही तुटले.

इतर पुढारी निवडणूक लढवतात आणि मग आठवणी लिहितात. सिंक्लेअरने आठवणी आधी लिहिल्या. ‘मी, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, आणि मी दारिद्र्य कसं संपवलं’ अशा नावाची चौसष्ट पानी पुस्तिका त्याने काढली, आणि खाली उपशीर्षक दिलं: भविष्यकाळाची सत्यकथा. तीत तो निवडून आलेला आहे, योजना पार पडलेली आहे आणि राज्यात गरीब म्हणून एकच माणूस उरलेला आहे, तोही स्वखुशीने गुहेत राहणारा एक बैरागी. पुस्तिका लाखांनी खपली. तिच्या विक्रीवरच प्रचाराचा खर्च निघू लागला.

त्या दिवसांत असं काही वाचावंसं वाटावं अशीच परिस्थिती होती. १९३० च्या शिरगणतीत राज्याची वस्ती सत्तावन्न लाखांच्या घरात होती आणि त्यात बेकारांची संख्या लाखांनी मोजावी लागत होती. त्यातही सगळ्यांत जास्त हाल लॉस एंजलिसमध्ये. उतारवयात उन्हात बसायला म्हणून आयोवा-कॅन्ससहून आलेली हजारो कुटुंबं तिथे होती. बँका बुडाल्या तशी त्यांची पुंजीही बुडाली. एकीकडे माणसं उपाशी आणि दुसरीकडे भाव पडेल म्हणून फळं बागेतच कुजू दिलेली. शहराबाहेरच्या कॉम्प्टनसारख्या गावांत १९३२ पासून बेकारांनी शेतकऱ्याकडे राबून मजुरीऐवजी भाजीपाला घ्यायला सुरुवात केली होती. हळूहळू त्यातून परस्परसाहाय्याच्या कितीतरी सहकारी संस्था उभ्या राहिल्या. सिंक्लेअरची योजना काही आकाशातून पडली नव्हती. या संस्था जे करत होत्या तेच त्याला सरकारी पातळीवर करायचं होतं.

योजनेचं नाव ‘एपिक’. कॅलिफोर्नियातलं दारिद्र्य संपवा, या इंग्रजी घोषणेच्या आद्याक्षरांतून ते जुळवलेलं. पडीक जमीन आणि बंद पडलेले कारखाने सरकारने ताब्यात किंवा भाड्याने घ्यायचे, बेकारांना तिथे कामाला लावायचं, आणि त्यांनी पिकवलेलं-बनवलेलं त्यांनीच आपसांत वापरायचं. बाजारात विकायचं नाही, नफा काढायचा नाही. यासाठी तीन संस्था: जमिनीसाठी ‘कॅल’, कारखान्यांसाठी ‘कॅप’ आणि पैशासाठी ‘कॅम’. शिवाय साठीच्या पुढच्या गरजूंना महिना पन्नास डॉलर पेन्शन, विक्रीकर रद्द, बड्या उत्पन्नांवर चढता आयकर, लहान घरांना करमाफी.

खरं दुखणं ‘कॅम’मध्ये होतं. या वसाहतींतला व्यवहार डॉलरऐवजी हुंडीसारख्या कागदावर चालायचा होता. पण बंद कारखान्याला लागणारं पोलाद, कापूस, वीज बाहेरून विकत घ्यायची तर बाहेरचा व्यापारी हा कागद कशाला घेईल? याचं उत्तर सिंक्लेअरपाशी शेवटपर्यंत नव्हतं. विधिमंडळ विरोधात गेलं तर काय, याचंही नव्हतं. मतदान जवळ आलं तसा त्याने योजनेचा सौम्य अवतार काढला आणि हुंडीचा भाग मागे सारला. अर्थशास्त्र्यांनी योजनेच्या चिंध्या केल्या त्या बऱ्याच अंशी रास्त होत्या. पण निवडणूक अर्थशास्त्रावर लढवली गेली असती तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

गावोगाव एपिकचे क्लब निघाले, शेकड्यांनी. निशाणी म्हणून मधमाशी घेतली: राबते आणि वेळ आली तर डंखही मारते. ‘एपिक न्यूज’ हे साप्ताहिक निघालं आणि त्याचा खप लाखांत गेला. मागे कुणी शेठ नव्हता. सभेला तिकीट, खाद्यपदार्थांची विक्री, पुस्तिकेचे पैसे, असं करत गाडा चालला. सिंक्लेअर दारूला न शिवणारा, आहाराचे नाना प्रयोग करणारा, परचित्तज्ञानावर पुस्तक लिहिणारा विक्षिप्त गृहस्थ. बोलायचा मात्र शाळामास्तरासारखा, हळू, नीट समजावून. मंदीत पोळलेल्या म्हाताऱ्यांना ते फार आवडे.

सिंक्लेअर लढत होता ती निवडणूक मध्यावधी होती. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक सरकार पडल्यावर येते. अमेरिकेत ती दर चार वर्षांनी ठरलेल्या मंगळवारी येते. अध्यक्षाची मुदत निम्मी संपलेली असते. त्याचं स्वतःचं नाव मतपत्रिकेवर नसतं, पण सगळं प्रतिनिधिगृह, सेनेटच्या एक तृतीयांश जागा आणि बहुतेक राज्यांचे गव्हर्नर व विधिमंडळं तेव्हाच निवडली जातात. एकाच कागदावर दिल्ली, मुंबई आणि जिल्हा. सहसा या निवडणुकीत अध्यक्षाचा पक्ष मार खातो. ६ नोव्हेंबर १९३४ ची निवडणूक अपवाद ठरली: रूझवेल्टच्या पक्षाने दोन्ही सभागृहांत जागा वाढवल्या. प्रतिनिधिगृहात असं पुन्हा घडायला १९९८ साल उजाडावं लागलं. सगळ्या देशात डेमोक्रॅट वाऱ्यावर स्वार असताना एका राज्यात त्यांचा गव्हर्नरपदाचा उमेदवार आपटला, आणि तो आपटावा अशी खुद्द त्यांच्याच पक्षातल्या अनेकांची इच्छा होती.

हे कळण्यासाठी कॅलिफोर्नियाचं राजकारण थोडं उलगडायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे राज्य सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या खिशात असल्यासारखं होतं. १९१० मध्ये हायरम जॉन्सन रेल्वेला हाकलण्याची घोषणा देत गव्हर्नर झाला आणि त्याने पक्षयंत्रणाच खिळखिळी करून टाकली. १९१३ पासून तर एकाच उमेदवाराला एकाच वेळी दोन्ही पक्षांचं तिकीट मागता येऊ लागलं. तिकीट श्रेष्ठी देत नसत, प्रायमरी या पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार देत. तेव्हा लोकप्रिय माणूस दोन्ही प्रायमऱ्या जिंकून नोव्हेंबरची निवडणूक जवळजवळ बिनविरोध मारू शकत असे. खुद्द जॉन्सनने १९३४ मध्ये तेच केलं. सेनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोघांचाही तोच उमेदवार, समोर फक्त एक समाजवादी. शेकडा नव्वदहून अधिक मतं घेऊन तो सेनेटमध्ये परतला. मतपत्रिकेवरची केंद्राची सगळ्यांत मोठी जागा अशी झोपेत निकालात निघाली. रेल्वेचा माज उतरवण्यासाठी केलेल्या या सुधारणांनी पक्ष पोकळ झाले. निवडणूक चालवायला जिल्हाध्यक्ष नाहीत, कार्यकर्त्यांची उतरंड नाही. ही पोकळी कुणीतरी भरणारच होतं. एका बाजूने ती सिंक्लेअरच्या क्लबांनी भरली. दुसऱ्या बाजूने कुणी भरली ते पुढे येईल.

जून १९३४ मध्ये गव्हर्नर जेम्स रॉल्फ वारला आणि उपगव्हर्नर फ्रँक मेरियम खुर्चीवर बसला. आयोवात जन्मलेला, लाँग बीचचा, टक्कल पडलेला, बोलायला रटाळ, पुराणमतवादी. रिपब्लिकनांतही त्याच्यावर जीव टाकणारं फारसं कुणी नव्हतं. त्याचं नशीब उघडलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत. मे महिन्यापासून गोदी कामगारांचा संप चालू होता. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं ठार झाली आणि मेरियमने नॅशनल गार्डच्या तुकड्या धक्क्यावर उतरवल्या. पाठोपाठ शहरात सार्वत्रिक संप झाला. चार दिवस शहर थंड होतं. मालकवर्गाला मेरियममध्ये एकाएकी कणखर पुरुष दिसू लागला.

२८ ऑगस्टला प्रायमरी झाली. डेमोक्रॅटांत सिंक्लेअरविरुद्ध मुख्य उमेदवार होता जॉर्ज क्रील. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सनचं प्रचारखातं चालवलेला, म्हणजे लोकमत घडवण्याच्या कलेत मुरलेला गडी, आणि सेनेटर मॅकाडूच्या गटाचा. सिंक्लेअरला ४,३६,००० च्या वर मतं मिळाली, क्रीलला २,८८,००० च्या आसपास. बाकीचे सगळे डेमोक्रॅट एकत्र केले तरी सिंक्लेअरच्या मागेच. रिपब्लिकन प्रायमरी जिंकणाऱ्या मेरियमलाही त्याच्याइतकी मतं नव्हती. त्या वर्षी लाखो नवे मतदार डेमोक्रॅट म्हणून नोंदले गेले होते आणि राज्याच्या यादीत या पक्षाने प्रथमच रिपब्लिकनांना मागे टाकलं होतं. उपगव्हर्नरपदासाठी सिंक्लेअरचा जोडीदार होता सॅक्रमेंटोचा वकील शेरिडन डाउनी. इंग्रजी वर्तमानपत्रांना ‘अप’ आणि ‘डाउन’ची ही जोडी म्हणजे फुकटचा विनोद मिळाला.

आठवड्याभरात, ४ सप्टेंबरला, सिंक्लेअर न्यूयॉर्कजवळच्या हाइड पार्कला रूझवेल्टच्या घरी गेला. रूझवेल्टने गप्पा मारल्या, किस्से सांगितले, हसवलं. आपल्या योजनेच्या मूळ तत्त्वाच्या बाजूने ऑक्टोबरअखेर अध्यक्ष रेडिओवर बोलणार, अशी समजूत घेऊन सिंक्लेअर बाहेर पडला. रूझवेल्टला भेटून आलेल्या अनेकांचा असा समज होत असे. ऑक्टोबर आला, भाषण झालं, त्यात यातलं अवाक्षर नव्हतं. पुढे वॉशिंग्टनच्या माणसांनी मेरियमशीच संधान बांधलं: तुम्ही रूझवेल्टच्या धोरणांना विरोध करणार नाही ना, मग आम्हालाही तुमचं वावडं नाही. क्रीलने अगोदर सिंक्लेअरला पाठिंबा दिला होता. तो त्याने ऑक्टोबरात जाहीर पत्र लिहून काढून घेतला. समाजवादी पक्षाचा राष्ट्रीय नेता नॉर्मन थॉमस सिंक्लेअरवर गद्दार म्हणून तुटून पडला होता, कम्युनिस्टांनी आपला वेगळा उमेदवार दिला होता. उजव्यांच्या लेखी तो मॉस्कोचा हस्तक, मॉस्कोवाल्यांच्या लेखी भांडवलशाहीचा.

एव्हाना राज्यातल्या धनिकांची झोप उडाली होती. तेल कंपन्या, रेल्वे, वीज कंपन्या, बँका, फळबागांचे मालक, सिनेमावाले, सगळे एका मांडवाखाली आले. पण पक्ष पोकळ, लढायचं कुणी? मग काम भाड्याने दिलं गेलं. दक्षिणेत लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनीने प्रचार हाती घेतला. हीच कंपनी एरवी संत्री आणि सिगारेटी खपवत असे. उत्तरेत क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर.

ही दोघं कादंबरीत शोभावीत अशी होती. व्हिटेकर धर्मोपदेशकाचा मुलगा, सॅक्रमेंटोत बातमीदारी केलेला, उंच, किडकिडीत. बॅक्स्टर उत्तरेकडच्या रेडिंग गावच्या व्यापारी मंडळाचं काम पाहणारी पंचविशीतली विधवा. १९३३ मध्ये सेंट्रल व्हॅलीच्या पाणी योजनेवर सार्वमत आलं तेव्हा वीज कंपनी विरोधात असतानाही दोघांनी थोड्या पैशांत ते जिंकून दिलं. वीज कंपनी इतकी प्रभावित झाली की तिने पुढे त्यांनाच कामावर घेतलं. त्यांनी ‘कॅम्पेन्स इनकॉर्पोरेटेड’ ही कंपनी काढली. निवडणुका लढवून देणं हाच धंदा असलेली अमेरिकेतली ही पहिली कंपनी मानतात. १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं. १९३४ मध्ये त्यांच्याकडे डाउनीच्या विरोधकाचं, जॉर्ज हॅटफिल्डचं काम होतं, आणि सोबत सिंक्लेअरविरोधी आघाडीचं.

त्यांनी काय केलं? सिंक्लेअरची पुस्तकं गोळा केली आणि वाचायला बसले.

इथे त्यांच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते. योजनेवर वाद घालायचा तर बेकारांचा प्रश्न निघाला असता, आणि त्या प्रश्नावर मेरियमपाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याऐवजी माणसाचं लिखाणच उभं करायचं. आणि सिंक्लेअरने लिहिण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. १९०६ मधल्या ‘द जंगल’ने त्याने शिकागोच्या मांस कारखान्यांची लाज काढली, त्यातून त्याच वर्षी अन्नशुद्धतेचे कायदे झाले. त्या यशानंतर त्याने एकेका संस्थेला एकेक पुस्तक वाहिलं. चर्चवर ‘द प्रॉफिट्स ऑफ रिलिजन’. वर्तमानपत्रांवर ‘द ब्रास चेक’. विद्यापीठांवर ‘द गूज-स्टेप’, शाळांवर ‘द गॉसलिंग्ज’. तेलवाल्यांवर ‘ऑइल!’. १९३३ मध्ये सिनेमासम्राट विल्यम फॉक्सच्या पडझडीवर जाडजूड ग्रंथ, म्हणजे हॉलिवूडचीही सोय झाली. पाव शतकात ज्याने पाद्री, संपादक, प्राध्यापक, शिक्षक, तेलवाले आणि स्टुडिओवाले असे सगळे लेखी दुखावले, तो आता या सगळ्यांच्या राज्यात मतं मागत होता.

वाक्यं उचलायची, आगापीछा छाटायचा आणि चौकटीत छापायची. ‘लॉस एंजलिस टाइम्स’ने असल्या चौकटी पहिल्या पानावर रोज छापल्या. आज धर्माबद्दल, उद्या लग्नाबद्दल, परवा रशियाबद्दल. त्यातली कितीतरी वाक्यं सिंक्लेअरची नव्हतीच, त्याच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची होती. ‘लव्ह्ज पिलग्रिमेज’ या १९११ मधल्या कादंबरीतलं एक पात्र विवाहाच्या पावित्र्यावरचा आपला विश्वास उडाल्याचं बोलतं. वाचकांपुढे ते डेमोक्रॅट उमेदवाराचं मत म्हणून आलं. खलनायकाच्या तोंडचे संवाद नाटककाराच्या गळ्यात बांधले तर जगातला कुठला नाटककार ग्रामपंचायत तरी जिंकेल? सिंक्लेअरला खुलासा करायला पानभर जागा लागे, आणि पानभर जागा देणारं मोठं दैनिक त्याच्याकडे नव्हतं. लॉस एंजलिसमधल्या एका दैनिकाने तेवढ्या त्याच्या सभांच्या बातम्या सरळपणे दिल्या. ‘टाइम्स’चा राजकीय संपादक काइल पामर तर उघड म्हणे, की दोन्ही बाजू छापण्याचं न्यूयॉर्कचं खूळ आमच्याकडे नाही. सिंक्लेअरच्या सभा कुठे आहेत हे ‘टाइम्स’च्या वाचकांना त्यांच्या पेपरातून कळायचं नाही.

मग सिंक्लेअरने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. हॅरी हॉपकिन्स रूझवेल्टचं मदतखातं सांभाळत होता. मी निवडून आलो तर देशातले निम्मे बेकार पहिली मालगाडी पकडून कॅलिफोर्नियाला येतील, असं आपण हॉपकिन्सला सांगितल्याचं तो पत्रकारांशी हसत हसत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मथळ्यात, आठवड्याभरात रस्तोरस्तीच्या फलकांवर. लेखकाला शब्दांचं वजन कळतं म्हणतात. उमेदवाराला ते वेगळ्या तराजूवर तोलावं लागतं, हे त्याला फार उशिरा उमजलं.

त्या वाक्याला चित्रं पुरवायचं काम हॉलिवूडने केलं. एमजीएम या स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयर हाच राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाचा म्होरक्या होता. सिंक्लेअरने आणखी सांगून ठेवलं होतं, की बेकार नटांना घेऊन सरकार रिकाम्या स्टुडिओंत स्वतःच सिनेमे काढील. हा आला तर आम्ही बाडबिस्तरा उचलून फ्लोरिडाला जातो, अशी धमकी स्टुडिओवाल्यांनी दिली. नोकरदारांकडून, अगदी नटनट्यांकडूनही, मेरियमच्या निधीसाठी एका दिवसाचा पगार मागितला गेला. जेम्स कॅग्नीसारख्या थोड्यांनी तो द्यायला साफ नकार दिला.

पण मुख्य माल निघाला तो वार्तापटांच्या रूपात. एमजीएमच्या आयर्व्हिंग थॉलबर्गच्या देखरेखीखाली ‘कॅलिफोर्निया इलेक्शन न्यूज’ नावाच्या छोट्या फिती तयार झाल्या आणि चित्रगृहांना फुकट वाटल्या गेल्या. प्रेक्षक आलेला असे गार्बोचा सिनेमा बघायला. मध्येच पडद्यावर मुलाखती सुरू. टापटीप आजीबाई, कोट घातलेला कारकून, घरदार असलेला बापमाणूस: मत मेरियमला. दाढी वाढलेला, परकी उच्चारांचा, कळकट माणूस: मत सिंक्लेअरला, कारण त्याचं सगळं रशियात छान चाललंय. एका फितीत तर मालगाड्यांतून भटक्या बेकारांचे तांडे कॅलिफोर्नियात उतरताना दाखवले. अशाच तांड्यांचं म्हणून एका दैनिकात छापलेलं छायाचित्र वॉर्नर ब्रदर्सच्या ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’ या सिनेमातलं निघालं. पुढे एका मेजवानीत नट फ्रेड्रिक मार्च या फितींच्या अन्यायाबद्दल तणतणत होता. थॉलबर्गने शांतपणे सांगितलं की त्या मीच केल्या, आणि राजकारणात अन्याय्य असं काही नसतं. अत्यंत सुसंस्कृत, अभिरुचीसंपन्न निर्माता म्हणून ज्याची ख्याती, त्याचे हे उद्गार सांगितले जातात.

बाकीचंही होतंच. रेडिओवर कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या भटक्यांची नाटुकली. सिंक्लेअरच्या नावाच्या खोट्या लाल नोटा, फक्त कॅलिफोर्निया आणि रशियात चालतील अशा मजकुरासह. पगाराच्या पाकिटात ‘हा आला तर तुमची नोकरी जाईल’ छापाच्या चिठ्ठ्या. लॉस एंजलिसमध्ये मोठ्या संख्येने मतदारांची नावं बोगस म्हणून यादीतून उडवण्याचा खटाटोप झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतदानाच्या तोंडावर हाणून पाडला.

या धुमाळीत मेरियम मात्र गप्पच होता, आणि ती त्याच्या सल्लागारांची हुशारी. फक्त एका ठिकाणी तो बोलला. लाँग बीचचा डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड याने साठीनंतर प्रत्येकाला महिना दोनशे डॉलर पेन्शन देण्याची चळवळ उभारली होती. हिशेबात ती एपिकच्या कितीतरी पट हवेतली. सिंक्लेअरने तिला पाठिंबा द्यायचं नाकारलं, कारण तिचं गणित जमत नाही. मेरियमने दिला. प्रतिनिधिगृहासाठी लॉस एंजलिसकडून निवडून आलेला राज्याचा राजकवी जॉन स्टीव्हन मॅक्ग्रोअर्टी यानेही पुढे काँग्रेसमध्ये टाउनसेंडचंच विधेयक मांडलं. स्वप्नाळू म्हणून हिणवला गेलेला उमेदवार या एका मुद्द्यावर हिशेबाला धरून राहिला आणि म्हाताऱ्यांची मतं गमावून बसला.

निकाल लागला: मेरियम ११,३८,६२०, सिंक्लेअर ८,७९,५३७. तिसरा उमेदवार, मधल्या वाटेने जाणारा रेमंड हेट, याला ३,०२,५१९. म्हणजे एवढी सगळी ताकद लावूनही मेरियमला निम्मी मतं मिळाली नाहीत. सिंक्लेअर किंवा हेट यांपैकी कुणीतरी मागे सरावं अशा खटपटी शेवटी झाल्या होत्या, पण कुणीच सरलं नाही. मेरियमला मत देणाऱ्यांतले पुष्कळजण नाक मुठीत धरूनच गेले होते. डाउनीही हॅटफिल्डकडून पडला.

मतपत्रिकेवर खाली खाली पाहत गेलं तर चित्र पालटतं. एपिकच्या पाठिंब्यावर वीसेक माणसं विधिमंडळात पोचली. लॉस एंजलिसमधून राज्याच्या सेनेटमध्ये आला कल्बर्ट ओल्सन. असेंब्लीत आला ऑगस्टस हॉकिन्स हा सत्तावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. त्याने पाडलेला फ्रेडरिक रॉबर्ट्स हा १९१८ मध्ये निवडून आलेला राज्यातला पहिला कृष्णवर्णीय आमदार, आणि रिपब्लिकन. लिंकनच्या पक्षाशी दोन पिढ्या एकनिष्ठ असलेली कृष्णवर्णीयांची मतं डेमोक्रॅटांकडे वळू लागली ती याच सुमारास. हॉकिन्स पुढे वॉशिंग्टनला गेला आणि १९९१ पर्यंत प्रतिनिधिगृहात होता.

मेरियमनेही गंमत केली. तिजोरी रिकामी होती. १९३५ मध्ये त्याने राज्याचा पहिला वैयक्तिक आयकर लागू केला. सिंक्लेअरच्या भीतीने ज्यांनी थैल्या सैल सोडल्या होत्या, त्यांच्याच खिशाला आपल्या माणसाने हात घातला. १९३८ मध्ये ओल्सनने मेरियमला हरवलं आणि चार दशकांनंतर डेमोक्रॅट गव्हर्नर आला. त्याच वर्षी डाउनी पक्षाच्या प्रायमरीत मॅकाडूला चीत करून सेनेटमध्ये गेला.

सिंक्लेअर हरल्यावर लगेच लिहायला बसला. ‘मी, गव्हर्नरपदाचा उमेदवार, आणि मला कसा धुतला’ हा त्याचा वृत्तांत अनेक वर्तमानपत्रांनी क्रमशः छापला, चांगला मोबदला देऊन. उमेदवाराला जागा नव्हती, पडलेल्या उमेदवाराला होती. मग तो कादंबऱ्यांकडे वळला आणि १९४३ मध्ये पुलित्झर घेऊन मोकळा झाला. 

व्हिटेकर आणि बॅक्स्टरचा धंदा मात्र फोफावला. माणसाला भांडण आवडतं किंवा तमाशा, तेव्हा प्रचारात दोन्हींपैकी एक दिलंच पाहिजे, असं व्हिटेकर पुढे सांगत असे. १९४५ मध्ये गव्हर्नर अर्ल वॉरनची राज्य आरोग्यविमा योजना त्यांनी डॉक्टरांच्या संघटनेसाठी पाडून दिली. त्याच वॉरनची १९४२ ची निवडणूकही त्यांनीच चालवली होती. पाठोपाठ देशभरच्या डॉक्टरांसाठी अध्यक्ष ट्रूमनची राष्ट्रीय विमा योजना पाडून दिली.

काइल पामर ‘टाइम्स’मध्येच राहिला आणि नवे उमेदवार हेरत राहिला. १९४६ च्या मध्यावधी निवडणुकीत जेरी व्हूरिस, जो १९३४ मध्ये एपिकच्या बाजूने असेंब्लीला उभा राहून पडला होता आणि दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहात गेला होता, एका तरुण वकिलाकडून हरला. त्या वकिलाच्या पाठीवर पामरचा हात होता. चार वर्षांनी, १९५० च्या मध्यावधीत, शेरिडन डाउनीने प्रकृतीच्या कारणाने सेनेटची उमेदवारी सोडली आणि त्या जागेसाठी डेमोक्रॅटांतर्फे हेलन गहॅगन डग्लस ही माजी अभिनेत्री उभी राहिली. तिने प्रतिनिधिगृहात कुठल्या ठरावावर कसं मत दिलं याची यादी काढून, ती एका डाव्या सदस्याच्या मतांशी जुळवून, प्रतिपक्षाने गुलाबी कागदावर छापली आणि राज्यभर वाटली. डाउनीने मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला, म्हणजे विजयी उमेदवाराला, त्याच तरुण वकिलाला, महिनाभर आधी शपथ घेऊन ज्येष्ठता मिळवता आली. त्याचं नाव रिचर्ड निक्सन.